चिठ्ठीत निघालेला पक्ष

मुकुंदा, तू गेलास, पण तुझे भाषण अजून हिंडते आहे. परवा कल्याण स्टेशनावर प्लेगच्या तपासणीसाठी आम्हां बायकांना कनातीआड बसवले होते. शेजारची एक बाई दुसरीला सांगत होती, की हायस्कुलातला तो मुलगा म्हणालाच होता, काल दार फोडून आत शिरला तोच आज सुई घेऊन आला आहे म्हणून. दुसरी म्हणाली, "तो तर गेला ना बाई?" पहिली म्हणाली, "गेला, पण बोलला खरं." मी डॉक्टरी शिकते हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि मी तुझी मावसबहीण आहे हेही. तुझे वाक्य अनोळखी तोंडात इतके तंतोतंत टिकलेले पाहून मला प्रथम अभिमान वाटला. मग लक्षात आले, की ज्या वाटांनी हा आजार गावोगाव जातो त्याच वाटांनी तुझे भाषणही जाते आहे. गाव सोडून निघालेली माणसे दोन्ही बरोबर नेतात.

तुझा जन्म, तुझे गुण, परीक्षेतले क्रमांक हे सारे तुझी वक्तृत्व मंडळी पुन्हा भरेल तेव्हा कोणीतरी शोकप्रस्तावात सांगेलच. मला ते सांगायचे नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगण्याची मंडळीच्या नियमाने मनाई आहे.

बाहेरच्या वाचकाला तो नियम समजावा म्हणून लिहिते. तुला तो पाठ होता. आपल्या शाळेच्या वक्तृत्व मंडळीत कोणत्या बाजूने बोलायचे हे वक्ता ठरवीत नसे. शनिवारी दुपारी सभा भरण्यापूर्वी मंडळी चालवणारे मास्तर दोघा वक्त्यांना ग्रंथसंग्रहाच्या खोलीत नेत, दोन चिठ्ठ्या पुढे टाकीत, एकीवर अनुकूल आणि दुसरीवर प्रतिकूल. उचलली की वाचायची, आणि तिथल्या तिथे पितळी ताटलीत जाळायची. त्यानंतर आपले खरे मत कोणते, हे वक्त्याने सभेआधी, सभेत किंवा सभेनंतर कोणालाही सांगायचे नाही. चिठ्ठ्या टाकतात, एवढेदेखील बाहेर कळू द्यायचे नाही. मास्तर म्हणत, ऐकणाऱ्याने माणूस तोलू नये, युक्तिवाद तोलावा. विचार म्हणून मला तो आजही निर्दोष वाटतो.

मुलांनी मात्र त्याचे व्रत केले. आठवते ना, केशवला शेंडी काढावी या बाजूची चिठ्ठी आली होती? स्वतःच्या शेंडीला तेल लावून गाठ मारून तो पाऊण तास शेंडीविरुद्ध बोलला, आणि घरी पोहोचण्याआधीच भाषण घरी पोहोचले. वडिलांनी छडी हातात घेऊन विचारले, हे तुझे विचार काय? एक शब्द बोलला असता तर सुटला असता. तो बोलला नाही. सोमवारी वर्गात त्याला बाकावर बसता येईना, आणि सगळा वर्ग त्याच्याकडे लढाईहून आलेल्या माणसाकडे पाहावे तसा पाहत होता. तू तर मधल्या सुट्टीत त्याला आपला लाडू दिलास. मी तेव्हा हसले होते. मला त्यात भिण्यासारखे काही दिसले नाही.

त्या मंडळीत मला तूच नेलेस. चार वर्षे मी मावशीकडे राहून शिकले, मुलांच्या हायस्कुलात एकटी मुलगी म्हणून भिंतीलगतच्या वेगळ्या खुर्चीवर बसले; पण मंडळीत मुलीने उभे राहून बोलावे ही कल्पना हेडमास्तरांच्या गळी उतरवलीस ती तू, माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या मुलाने. त्यांनी विचारले, मुलगी हरली तर रडेल, मग काय करायचे? तू म्हणालास, "सर, आमची ताई हरली तर रडत नाही. आठवडाभर पुन्हा पुन्हा सिद्ध करून दाखवते, त्याचीच भीती." ते हसले, आणि मला प्रवेश मिळाला. मी मुंबईला वैद्यकाच्या कॉलेजात गेले, पहिल्या वर्षी मृत शरीरासमोर हातात सुरी धरून उभी राहिले, याचे अर्धे श्रेय त्या व्यासपीठाला आहे, आणि ते व्यासपीठ मला तुझ्यामुळे मिळाले. हे मी तुला कधी बोलून दाखवले नाही. तू मला चिडवायचास, की ताईला वादात हरवणे सोपे आहे, तिला फक्त आधी बरोबर ठरू द्यायचे. मग ती निश्चिंत होते आणि लोकांकडे पाहायचे विसरते. ते निदान अचूक होते.

मग ते वर्ष आले. शाळेच्या गोष्टी कोणत्या क्रमाने बंद पडल्या ते मी मुंबईहून दर खेपेला कल्याणला येऊन पाहत होते. प्रथम स्नेहसंमेलनाचे नाटक रद्द झाले, कारण नायिका होणाऱ्या मुलाचे कुटुंब नाशिककडे निघून गेले. मग कसरतीची तालीम बंद झाली. क्रिकेट मंडळीच्या मैदानावर रोग्यांसाठी चटयांच्या झोपड्या उभ्या राहू लागल्या आणि मुलांना वाटले, काही दिवसांपुरत्या असतील. बाजारपेठेत धान्याच्या वखारीमागे उंदीर मरून पडत, दुकानदार ते सुपात भरून गुपचूप खाडीत टाकीत. ऊन आत यावे म्हणून घरांची कौले उतरवली होती. रस्त्याने चालताना वर पाहिले की वासे दिसत आणि वाशांतून आभाळ. रोगी सापडलेल्या घरांच्या दारांवर तांबड्या रंगाच्या खुणा. वर्गांत बाके रिकामी होत चालली तसे उरलेले विद्यार्थी आपण होऊन पुढे सरकत, त्यामुळे मागचा अर्धा वर्ग नेहमी मोकळा आणि थंड असे. फक्त वक्तृत्व मंडळी चालू होती. किंबहुना तिला गर्दी वाढली होती, कारण घाबरलेल्या माणसांना कोणाचे तरी बोलणे ऐकायचे असते.

प्लेगची नवी लस टोचून घेणे हितकर आहे, हा विषय मुलांनीच निवडला. मास्तर कचरत होते. तू त्यांना म्हणालास, की घराघरांत जे कुजबुजत बोलले जाते ते एकदा मोठ्याने बोलले जाऊ दे. मंडळीची जुनी सभासद म्हणून एका बाजूला मला बोलावले, आणि दुसऱ्या बाजूला तू.

आता मनाई असलेली गोष्ट. ताटलीतल्या चिठ्ठ्यांपैकी मी उचलली ती अनुकूल होती. तुझ्या वाट्याला प्रतिकूल आली. मुकुंदा, तू ती चिठ्ठी उलटी करून पुन्हा वाचलीस. माझ्याकडे पाहिलेस. मग काडी ओढलीस.

तुझे मत काय होते, याविषयी मी भावनेने बोलत नाही, पुराव्याने बोलते. त्याआधीच्या रविवारी तू माझा दंड पाहिला होतास, जिथे मी स्वतः लस टोचून घेतली होती. सूज कुठवर चढली, ताप किती टिकला, सारे उलटतपासणी केल्यासारखे विचारले होतेस. शेवटी म्हणालास, "पुढच्या खेपेला माझं आणि ठकूचं नाव घाल. आईला मी तयार करतो." हे तुझे शब्द. तुझी धाकटी बहीण ठकू तिथेच बसून तुझ्या टोपीत शंखशिंपले भरत होती.

सभेत मी आधी बोलले. लस म्हणजे काय, ती कशी तयार होते, तिने काय होते आणि काय होत नाही, हे मी क्रमाने मांडले. एकही वाक्य चुकीचे नव्हते. लोकांनी ते कौल शाकारायला आलेल्या माणसाचे ऐकावे तसे कामापुरते ऐकले. मग तू उठलास. लसीविषयी तू जवळजवळ काही बोललाच नाहीस. सरकारी शिपायांनी तपासणीसाठी फोडलेल्या दारांविषयी बोललास, अंगणात फेकलेल्या देवांच्या पेटीविषयी, उघड्यावर आणून बसवलेल्या बाळंतिणीविषयी. हे सारे खरे होते, म्हणूनच भयंकर होते. आणि मग तू आवाज खाली आणलास.

"माझी बहीण ठकू नऊ वर्षांची आहे. तिचा दंड मी कोणाच्याही प्रयोगासाठी देणार नाही."

टाळी वाजली नाही. टाळीहून वाईट झाले. बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बायका बसल्या होत्या, तिथून एक हुंदका ऐकू आला, आणि तो मावशीचा होता हे तुला आणि मला एकाच क्षणी कळले. तू क्षणभर थांबलास. मला अजून वाटते, त्या थांबण्यात तुला परत फिरता आले असते. पण तू वक्ता होतास; थांबणेही सभेच्या उपयोगी पडले.

सभेनंतर आपण शेणाळे तलावाच्या कडेने घरी निघालो तेव्हा सुरू झालेला वाद अपुरा राहिला, आणि मी तो रोज पुढे चालवते. मी म्हणाले, हा शेंडीचा विषय नव्हता. तू म्हणालास, नियम शेंडीपुरता असेल तर तो नियमच नव्हे. मी म्हणाले, उद्या लोक मरतील. पाण्यावर कोणीतरी टाकलेली गोधडी तरंगत होती आणि आपण दोघेही तिच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होतो.

"ताई," तू म्हणालास, "मी आज सांगितलं की ते माझं मत नव्हतं, तर उद्यापासून तुझंही कोणी ऐकणार नाही. प्रत्येक जण विचारील, हे बोलतेस ते तुझं की चिठ्ठीचं?"

"मग सांगू नकोस. नुसता माझ्याबरोबर चल आणि टोचून घे."

"ते सांगणंच झालं. सुजलेला दंड गावभर दिसेल."

मग तू तोड काढलीस. पुढच्या शनिवारी मंडळीपुढे ठराव आणायचा, की या एका विषयापुरता नियम सैल करावा. मंडळीने मान्य केल्यावर त्याच व्यासपीठावरून तू आपले मत सांगशील, आणि सोमवारी ठकूला घेऊन मुंबईला येशील. मी विचारले, आणि सभाच भरली नाही तर? तू हसलास. म्हणालास, इतकी वर्षे कधी चुकली आहे का? या हसण्यावर मी आजही चिडलेली आहे. ज्या गावात घरांना छप्पर उरले नव्हते तिथे तू शनिवारची खात्री धरून चालला होतास.

शनिवारच्या आधी शाळा बंद करण्याचा हुकूम आला. मी मुंबईहून निरोप धाडला, की मंडळी गेली तर गेली, तू ये. तुझे उत्तर आले, सभा भरेपर्यंत थांबतो, मास्तर वाट काढतील. मग मास्तरांच्या काखेत गाठ आली. ते गेले, आणि त्यांच्यामागून तू आजारी पडलास. त्या खोलीत चिठ्ठ्या जळताना आपण तिघे होतो. आता मी आहे.

मैदानावरच्या झोपडीत मला येऊ दिले ते कॉलेजच्या पत्रामुळे. उन्हे चटयांतून तुझ्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांनी पडली होती. तू मला ओळखलेस. या रोगात जीभ जड होते, दारू प्यालेल्यासारखे शब्द एकमेकांत घसरतात. पुस्तकात हे लक्षण मी अधोरेखित केले होते. पुस्तकाने हे सांगितले नव्हते, की ते तुला होईल. ज्याचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत सुटा सुटा पोहोचे, त्याच्या ओठांजवळ कान नेऊनही मला काही उमगेना. तू काहीतरी सांगत होतास. एकदा सांगितलेस, मी मान हलवली नाही म्हणून पुन्हा सांगितलेस. "ठकू" एवढे स्पष्ट होते. त्यापुढे पाच-सहा शब्द असावेत, एक पूर्ण वाक्य. तू रागावलास, समोरचा मुद्दाम समजून घेत नाही असे वाटले की रागवायचास तसा, आणि हात वर केलास. मी म्हणाले, मुकुंदा, विश्रांती घे, उद्या सांग. रोग्याला सांगायला डॉक्टर हे वाक्य का शिकून ठेवतात, ते मला त्या संध्याकाळी कळले.

तुझ्यामागे मावशी ठकूला घेऊन खडवलीजवळच्या माळावर झोपडी बांधून राहिली आहे. कालच्या आदल्या दिवशी मी तिथे गेले. टोचणारे डॉक्टर या आठवड्यात माळावर येणार आहेत, आणि वाटेतल्या पाड्यावर उंदीर पडू लागले आहेत, या दोन्ही बातम्या मला एकाच गाडीवानाने दिल्या. मावशी तांदूळ निवडत होती. मी तिला सारे सांगितले. नियम, ताटली, चिठ्ठी, तलावाकाठचे बोलणे. ती तांदूळ निवडतच राहिली.

मग म्हणाली, "म्हणजे माझा मुलगा चारचौघांत खोटं बोलला, असं म्हणतेस."

"खोटं नव्हे, मावशी. वाट्याला आलेला पक्ष मांडला."

"ठकूचं नाव घेऊन?"

तिने सूप बाजूला ठेवले. तिचा आवाज कठोर नव्हता, दमलेला होता. म्हणाली, "तू त्या दिवशी दुसऱ्या बाजूची होतीस, दुर्गे. तू असंच म्हणणार. तोच पक्ष मांडतेस. तो असता तर त्यानं तुला उत्तर दिलं असतं. मला देता येत नाही. पण तो काय म्हणाला ते मी माझ्या कानांनी ऐकलंय."

यात अडाणीपणा कुठेही नाही. तिच्याजवळ जेवढी माहिती आहे तेवढ्यावरून कोणीही शहाणा माणूस हाच निष्कर्ष काढील. बोलणाऱ्याचे मन कळू नये हाच तर नियमाचा हेतू होता. तुम्ही मुलांनी तो इतका चोख पाळलात, की आईलाही मुलाचे मन कळले नाही.

मी उठले तेव्हा तिने मला हाताला धरून पुन्हा बसवले. ठकू बाहेर चुलीसाठी काटक्या मोडत होती, तिच्या परकराचा घोळ दारातून दिसत होता. मावशीने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले, "शेवटी तू होतीस त्याच्याजवळ. ठकूबद्दल काही म्हणाला का?"

मुकुंदा, तिला काय हवे होते ते मी ओळखले. तिला हरायचे होते. तुझ्याच तोंडचे एक वाक्य तिला हवे होते, ज्याच्यापुढे ती तुझे दुसरे वाक्य सोडून देऊ शकली असती. ठकूला टोचून घे, असे तो म्हणाला, एवढे मी बोलले असते तर त्याच दिवशी तिने मुलीचा हात माझ्या हातात दिला असता. पण मला ज्या विद्येने घडवले तिचाही एक नियम आहे: जे पाहिले नाही, ऐकले नाही, ते घडले असे सांगायचे नाही. एकदा ते केले की नंतरच्या कोणत्याही नोंदीवर विश्वास ठेवण्यास कारण उरत नाही. हा युक्तिवाद तुझ्या ओळखीचा आहे. तलावाकाठी तू तोच केला होतास.

मी म्हणाले, "नाव घेऊन हाक मारावी तसं 'ठकू' म्हणाला. पुढचं मला कळलं नाही."

"कळलं नाही," ती म्हणाली, आणि सूप पुढे ओढले.

परतीच्या वाटेवर मी तुला मनातल्या मनात जितका बोल लावला होता तितका एकेक करून परत घेतला. एका माणसाने आपला नियम मोडला नाही म्हणून मी इतके दिवस त्याच्याशी भांडत होते, आणि त्याच मुलीच्या जिवावर मी माझा नियम पाळून घरी निघाले होते. फरक शोधला, शोधायची मला सवय आहे. सापडला तो एवढाच, की तुझी शनिवारची सभा भरली नाही, आणि माझ्या हातात अजून एक सकाळ आहे.

हा लेख छापून लोकांच्या हाती पडेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असेल. तेव्हा कोणी मला विचारले, की डॉक्टरीणबाई, हे तुमचे मत की वाट्याला आलेला पक्ष, तर त्याला तसे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. डॉक्टर उद्या माळावर येतात. मी पहाटेच निघणार आहे. मावशी ठकूची वेणी घालत बसलेली असेल, आणि मला पाहून तोच प्रश्न पुन्हा विचारील. तिने तो विचारावा अशी मी वाट पाहते आहे. कारण काल संध्याकाळपासून, मुकुंदा, मैदानावरच्या झोपडीत तू काय म्हणालास ते मला शब्दन् शब्द स्पष्ट ऐकू येऊ लागले आहे.